कार्यकर्तीचे कामाचे ठिकाण कोणते?

राजस्थानातील भटेरी गावी भंवरीदेवी शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करीत होत्या. १९९२ साली त्यांनी एक बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून आपल्यावर सामूहिक बलात्कार झाल्याची फिर्याद त्यांनी गावातील वरचढ जातीच्या पुरुषांविरुद्ध दिली. १९९५ मध्ये सत्र न्यायालयाने बलात्काराच्या आरोपातून आरोपींना मुक्त केले. मात्र या घटनेनंतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला आणि पुढे कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा झाला.

भंवरीदेवींना कचेरी नव्हती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. गावातील घरे, शेते आणि पायवाटा हेच त्यांचे कामाचे ठिकाण होते. राजकीय पक्षाची कार्यकर्तीही अशीच काम करते: सभा, शिबिरे, प्रचारफेऱ्या, परगावचा मुक्काम, शेवटची एस. टी. चुकली की कोणाच्या तरी जीपमधून परतणे. आणि नेमकी तीच कायद्याच्या बाहेर राहिली आहे. पक्ष आणि सभासद यांच्यात मालक-नोकराचे नाते नाही, म्हणून पक्षांवर तक्रार समिती नेमण्याचे बंधन नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले; त्याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये फेटाळली. दहा कामगारांच्या कारखान्याला जे सक्तीचे, ते हजारो सभासदांच्या पक्षाला ऐच्छिक!

सक्ती नाही म्हणून समाजवादी म्हणवणाऱ्या संघटनेने स्वस्थ बसावे काय? तक्रार झाली की तालुक्याचा कोणी ज्येष्ठ पुढारी मध्यस्थीला येतो, निवडणूक तोंडावर आहे, विरोधकांच्या हाती कोलीत देऊ नये, असे समजावतो. आणि महिन्याभरात ती कार्यकर्ती बैठकांना येईनाशी होते. तिच्या जाण्याची नोंद कोणत्याही वार्षिक अहवालात होत नाही. ती दलित वा आदिवासी असेल तर तिचा शब्द मुळातच कमी तोलाचा धरला जातो. शिबिरात तिला स्वयंपाकघराकडे धाडणारेच व्यासपीठावरून समतेची भाषणे करतात, हेही सांगून टाकलेले बरे.

२०१३ च्या कायद्यातील चौकट पक्षघटनेत सहज घेता येईल: अध्यक्ष स्त्री, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य संघटनेबाहेरची व्यक्ती. ही बाहेरची व्यक्ती सर्वांत महत्त्वाची, कारण जिल्ह्यातील गटबाजीत तिचा हितसंबंध नसतो. जातिवाचक अपमानाच्या तक्रारीही याच समितीपुढे याव्यात, आणि म्हणून तीत दलित व आदिवासी सदस्य असलेच पाहिजेत. चौकशी चालू असताना आरोप असलेल्याने पदापासून दूर राहावे. तक्रार करणारीला शाखा बदलावी लागू नये, आणि तिने पक्षाची शिस्त मोडली असे कोणी मानू नये. खोट्या तक्रारींचे भय दाखवणाऱ्यांनी एवढे पाहावे की आज निर्दोष माणूसही कुजबुजीच्या हवाली असतो. कायद्याप्रमाणे नव्वद दिवसांत पुरी होणारी रीतसर चौकशी त्यालाही आधारच देईल.

घटनादुरुस्तीला अधिवेशन लागेल. परंतु जिल्हा शाखांना तोवर थांबण्याचे कारण नाही. समिती नेमून तिच्या सदस्यांची नावे व दूरध्वनी क्रमांक कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर लावण्यास एका बैठकीचा ठराव पुरतो.