चालता फणस

मैत्रिणींनो, आज पाककृती नाही, की लोणच्याला बुरशी येऊ नये म्हणून काय करावं, तेही नाही. आज एक कबुली द्यायची आहे.

आमचे मामंजी, म्हणजे मुलांचे आजोबा, यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणतो. वय ७८. सासूबाई गेल्यापासून ते मागच्या पडवीत झोपतात. रत्नागिरी जिल्ह्यातलं आमचं घर अगदी गावाच्या कडेला. मागीलदारी पोफळी, केळी, एक फणस आणि गडग्यापलीकडे रान. गेल्या मे महिन्यात अण्णा रोज सकाळी चहा घेताना सांगू लागले, "सूनबाई, रात्री लाकडांच्या ढिगाशी कोणीतरी खरवडतं गं."

यांनी ते कुत्र्यावर ढकललं, मी उंदरांवर. उठून बघायला मात्र कोणी गेलं नाही. सहाव्या दिवशी मी स्वैपाकघरातून वन्संना फोनवर म्हटलं, "अण्णांना हल्ली भास होतात. एकदा डॉक्टरांना दाखवायला हवं."

त्या रविवारी वन्सं मुलांना घेऊन आल्या. खरं तर अण्णांची प्रकृती बघायलाच. पण तो दिवस अण्णांचाच ठरला! सकाळी नातवंडांना घेऊन आढीतले आंबे निवडले, कोणता आज, कोणता परवा, ते नुसत्या वासावरून सांगितलं. मग पोफळीच्या विरीवर एकेकाला बसवून अंगणभर ओढलं. दुपारी आमरसाच्या दोन वाट्या संपवल्या. वन्सं माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वहिनी, यांना काय झालंय गं?" मला काही उत्तर सुचेना.

रात्री जेवणं झाली. धाकटा खरकटं टाकायला विजेरी घेऊन मागे गेला आणि तिथूनच ओरडला, "आई, फणस चालतोय!"

आम्ही सगळे हसलो. अण्णा तेवढे उठले. म्हणाले, "माझं ऐकलं नाहीत, निदान त्याचं तरी ऐका."

लाकडांच्या ढिगापाशी खरंच एक फणस चालत होता! अंगभर खवले, लांब शेपूट, निमुळतं तोंड, पुढच्या पायांची नखं आत दुमडलेली. उजेड पडताच त्यानं पोटात डोकं घातलं, वर शेपूट गुंडाळली आणि झाला चेंडू. "खवल्या मांजर," अण्णा हळूच म्हणाले. "लहानपणी पाहिलं होतं, त्यानंतर आज."

आवाज ऐकून शेजारचे एक गृहस्थ गडग्याशी आले. "पोत्यात घाला अण्णा, याच्या खवल्यांना मोठा पैसा मिळतो. औषधी असतात म्हणे."

अण्णांनी दोन्ही हात पुढे केले. "खवले म्हणजे नखंच ती. औषध हवं तर माझी घेऊन जा, पंधरा दिवस कापलेली नाहीत."

गृहस्थ निमूट परतले. आम्ही विजेरी मालवली, कुत्रा बांधला आणि पडवीत बसून राहिलो. बऱ्याच वेळानं तो चेंडू उलगडला आणि डुलत डुलत रानाकडे निघून गेला.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते, मुलांना परिसर अभ्यास सांगते. पण या प्राण्याविषयी मला फारसं ठाऊक नव्हतं. मग वाचलं. त्याला दात नसतात. लांब चिकट जिभेनं मुंग्या आणि वाळवी खातो. मादीला बहुधा एका वेळी एकच पिल्लू होतं, ते ती शेपटीवर बसवून हिंडते. अण्णा म्हणाले ते खरंच. खवले आणि आपली नखं एकाच द्रव्याची. पण त्या खवल्यांपायी चोरटी शिकार एवढी वाढली, की २०१६ साली जगातल्या देशांनी मिळून खवल्या मांजराच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालायचं ठरवलं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे. शिकार केली किंवा खवले विकले, तर कैद होते.

तेव्हा तुमच्या परसात असा पाहुणा आला, तर हात लावू नका, भोवती गर्दी करू नका, फोटो काढलात तरी ठिकाणासकट चारचौघांत पाठवू नका. जखमी असेल, विहिरीत पडला असेल, तर वन विभागाला कळवा. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे.

आता कबुलीचा उरलेला भाग. त्याच लाकडांच्या ढिगाखाली ओतायला मी वाळवीचं जहाल औषध आणून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ओतणार होते. ते परत केलं. लाकडं उन्हात वाळवली, जांभ्याच्या चिऱ्यांवर फळ्या टाकून जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून हातभर दूर रचली. मागच्या नळाची गळती थांबवली, कारण वाळवीला ओल लागते. भिंतीवर मातीची बारीक नळी दिसली की लगेच खरवडून काढते. घराच्या चौकटीला वाळवी लागली, तर जाणकार माणूस बोलवावाच. पण परसातल्या वाळवीसाठी विष कशाला? तिचा समाचार घेणारं कोणी रात्री येऊन जात असेल.

त्या रात्री अंथरूण घालताना मी म्हटलं, "अण्णा, चुकलंच माझं. तुम्ही म्हणत होतात, तेव्हाच बघायला हवं होतं."

अण्णा चादर झटकत म्हणाले, "अगं, कान शाबूत आहेत माझे. लाकडांपाशी खरवडलेलं ऐकू येतं, तसं स्वैपाकघरातलं बोलणंही येतं."

मैत्रिणींनो, मला खाली बघण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. घरातलं म्हातारं माणूस काही ऐकू आलं म्हणालं, तर भास ठरवण्याआधी एकदा विजेरी घेऊन मागे जाऊन या. मी आता जाते.