सर, कात्री खाली ठेवा!



जून उजाडला की प्रार्थनेच्या रांगेत तोच खेळ सुरू होतो. पीटीचे सर कात्री घेऊन रांगेतून फिरतात. ज्याचे केस कानावर आलेले दिसतील त्याच्या डोक्यात समोरूनच, वेडावाकडा एक घास काढतात. केस नीट कापायचे नसतातच. पोराला सलूनमध्ये जाऊन झिरो मारण्यावाचून इलाज उरू नये, एवढीच तजवीज असते. बाकीची रांग फिदीफिदी हसते, आणि मुख्याध्यापक म्हणतात, शाळेला शिस्त आहे.

शिक्षण हक्क कायदा, २००९ चे कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही मनाई करते. मोडणाऱ्यावर सेवानियमांनुसार कारवाई होऊ शकते. चारचौघांत मुलाचे डोके विद्रूप करणे यात बसत नसेल, तर मग काय बसते?

आता रंगाचे. “केस रंगवलेस? उद्या काळे करून ये!” तांबूस केस म्हणजे रंगवलेलेच, हे कोणी ठरवले? काहींचे जन्मतःच तसे असतात. उन्हातान्हात हुंदडणाऱ्या पोरांचे टोकाकडे भुरे होतात. आणि पोटाला पुरेशी प्रथिने न मिळणाऱ्या मुलाचे केस विरळ, तांबूस होतात, ओढले तर सहज हातात येतात. अंगणवाडीच्या ताईला हे कळते, बी.एड. झालेल्या गुरुजींना कळू नये? त्या मुलाला डॉक्टरकडे न्यायचे की डाय आणायला पिटाळायचे? काळ्या डायमध्ये बहुधा पीपीडी नावाचे रसायन असते. ज्याला ते सोसत नाही त्याचे डोके, डोळे, चेहरा सुजतो. आधी कातडीवर थोडे लावून बघा, असे पाकिटावरच छापलेले असते. तेवढे तरी वाचा.

जपानमध्ये असेच एक प्रकरण कोर्टात गेले. ओसाकातल्या एका सरकारी हायस्कूलच्या मुलीने २०१७ साली दावा लावला: माझे केस जन्मतः तपकिरी, शाळा ते पुन्हा पुन्हा काळे करायला लावते. २०२१ चा निकाल पूर्ण तिच्या बाजूने लागला नाही, हे आम्ही लपवत नाही. नियम करणे शाळेच्या अधिकारात आहे, असेच कोर्ट म्हणाले. पण ती शाळेत येईनाशी झाल्यावर वर्गातले तिचे बाक हलवले, यादीतून नाव गाळले, त्याबद्दल ३ लाख ३० हजार येन भरपाई द्यायला लावली. पुढच्याच वर्षी टोकियोच्या सरकारी हायस्कुलांनी सरसकट काळ्या केसांची सक्ती काढून टाकली.

इतक्या लांब तरी कशाला जायचे? १८९० साली मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधव जमले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असे त्यांनी ठरवले. ज्यांचे पोट वस्तऱ्यावर, त्यांनी तो खाली ठेवला. शिक्षकांचे पोट तर कात्रीवर नाही.

मुलींची तऱ्हा आणखी वेगळी. तेल चोपडून दोन वेण्या, त्याही वर बांधलेल्या, रिबीन एकाच रंगाची. कारण काय, तर मोकळ्या केसांनी मुलांचे लक्ष उडते! मग त्या मुलांशी बोला की.

गणवेशाला आमचा विरोध नाही. उवा झाल्या तर जरूर कळवा. प्रयोगशाळेत बर्नरपाशी केस बांधायला लावा, आम्हीही घरून बांधून पाठवू. पण केसांवरून कोणाला वर्गाबाहेर किंवा परीक्षेबाहेर ठेवायचे नाही, आणि डोक्याला हात तर मुळीच लावायचा नाही.

सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असे कायदाच सांगतो. पालकांनो, आपल्या शाळेत त्या समितीवर कोण आहे, ते आधी शोधा. बहुतेकांना ठाऊक नसते. कधी कधी त्या सदस्यालाही नसते! केसांचे नियम तिथे मांडायला लावा. खासगी विनाअनुदानित शाळा असेल तर पालक-शिक्षक संघात विषय काढा.

पुढच्या पालकसभेला आई-वडिलांपैकी एकाने तरी जा. उभे राहून एवढेच विचारा: मुलांचे केस कापायचा अधिकार शिक्षकांना कोणत्या परिपत्रकाने दिला? उत्तर तोंडी घेऊ नका. लेखी मागा, तारीख आणि सही-शिक्क्यासह.

— काही पालक व माजी विद्यार्थी