घर्षणाची खतावणी

कारखान्याच्या जमाखर्चात तेल आणि ग्रीस यांचे एक लहानसे खाते असते. खर्चास कात्री लावण्याची वेळ आली की मालकाची नजर प्रथम अशा किरकोळ खात्यांकडे वळते. घर्षणाचे खाते मात्र कोणत्याही वहीत उघडलेले नसते. त्याची रक्कम दुरुस्ती, वीज, सुटे भाग आणि घसारा यांत विखुरलेली असते. ‘घसारा’ हा शब्दच घासण्याशी नाते सांगतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

ही विखुरलेली रक्कम एकत्र मांडण्याचा मोठा प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला. १९६४ साली कार्डिफ येथे लोखंड-पोलाद कारखान्यांतील वंगणाविषयी परिषद भरली. त्यानंतर शासनाच्या सूचनेवरून पीटर जोस्ट या अभियंत्याच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट स्थापन झाला. त्याचा अहवाल १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि घर्षण, झीज व वंगण यांच्या शास्त्रास ‘ट्रायबॉलॉजी’ हे नाव रूढ झाले. ग्रीक भाषेत ‘ट्रायबॉस’ म्हणजे घासणे.

अहवालाचा निष्कर्ष असा होता की, उपलब्ध ज्ञान नीट वापरले तरी ब्रिटिश उद्योगांची वर्षाकाठी ५१.५ कोटी पौंडांची बचत होईल. तिची फोड व्यापाऱ्याने अवश्य पाहावी. देखभाल व सुटे भाग यांत २३ कोटी, यंत्र बंद पडल्याने होणाऱ्या नुकसानीत ११.५ कोटी, यंत्राचे आयुष्य वाढल्याने १० कोटी, ऊर्जेत २.८ कोटी, भांडवली गुंतवणुकीत २.२ कोटी आणि मनुष्यबळात १ कोटी. खुद्द वंगणाच्या खर्चात होणारी बचत अवघी १ कोटी, म्हणजे एकूण बचतीच्या दोन टक्क्यांहूनही कमी!

तेलाचा पातळसा थर एवढे काम कसे करतो, याचे उत्तर त्याआधी ८० वर्षांपूर्वी मिळाले होते. १८८३ मध्ये बोशाँ टॉवर हे इंग्लंडमध्ये रेल्वेच्या आसासारख्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. बेअरिंगच्या माथ्यावरील छिद्रातून तेल वर येऊ लागले, म्हणून त्यांनी लाकडी खुंटी ठोकली; तेलाने ती बाहेर ढकलली. दाब मोजला तो दर चौरस इंचास २०० पौंडांहून अधिक भरला. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी कारण उलगडले: फिरणारा आस तेलास निमुळत्या फटीत ओढून नेतो, तेथे दाब निर्माण होतो आणि सारा भार तेलच पेलते. धातूस धातू टेकतच नाही.

हा थर टिकवणे हेच वंगणाचे मर्म होय. तेल फार पातळ असेल तर थर तुटतो. वाजवीपेक्षा दाट असेल तर तेल घुसळण्यातच वीज खर्च होते. ग्रीस जास्त भरल्यास बेअरिंग तापते आणि तेलात धूळ गेली की ती कानशीप्रमाणे धातू खाते. म्हणून स्वस्त तेल किंवा पुष्कळ तेल हा मार्ग नव्हे. योग्य तेल, योग्य मात्रेत, ठरल्या दिवशी, हाच मार्ग.

ज्या पेढीत दररोजची कीर्द न चुकता लिहिली जाते, तेथे प्रत्येक यंत्राच्या वंगणाची नोंद ठेवणे कठीण नाही. तेलाच्या डब्यावर वाचवलेला रुपया दुरुस्तीच्या बिलात व्याजासह परत मागितला जातो.