बगसऱ्याची माती आणि बडोद्याची मुलं

"मावशी, सुट्टीत कुठं उत्खनन चालू असेल तर मला पाठवशील का?" दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारणीच्या मुलीनं परवा विचारलं. बारावीची परीक्षा संपली आहे, निकालाला अवकाश आहे आणि तिनं परदेशातल्या उत्खननांचे व्हिडिओ पाहिले आहेत. उन्हाची टोपी घातलेली विशी-बाविशीतली मुलं गुडघ्यांवर बसून ब्रशनं माती झटकताहेत, हसताहेत, संध्याकाळी एकत्र जेवताहेत. हे आपल्याकडे का नाही, असा तिचा साधा प्रश्न. मी पुरातत्त्वात एम.ए. केलं हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी तो विचारतंच.

उत्तराचा पहिला भाग सोपा आहे. मे महिन्यात आपल्याकडे सहसा उत्खनन होत नाही. बडोद्यात पारा बेचाळीसच्या पुढं जातो, कच्छ-सौराष्ट्राकडच्या उघड्या टेकाडांवर तर सावली नावालाही नसते. पण माणसाला ऊन लागतं एवढंच कारण नाही. ओल गेली की माती बोलायची थांबते. कच्च्या विटांची भिंत आणि तिच्यावर कोसळलेली माती यांच्यात रंगाचा जो बारीक फरक असतो, तो सुकल्यावर दिसेनासा होतो. म्हणून आपला हंगाम पावसाळा सरल्यावर, साधारण दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या आसपास आवरतो. उन्हाळ्यात काम असतं ते सावलीतलं: खापरं धुणं, त्यांवर शाईनं क्रमांक घालणं, त्यांची चित्रं काढणं, तुकडे जुळवणं. या कामाचा व्हिडिओ कुणी काढत नाही. उत्खननाचं निम्मं ज्ञान मात्र तिथंच तयार होतं.

दुसरा भाग अवघड आहे. आपल्या देशात कुणालाही उठून उत्खनन करता येत नाही. 1958 च्या प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्वीय स्थळांच्या कायद्यानुसार परवाना लागतो आणि तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून विद्यापीठांना, राज्यांच्या पुरातत्त्व खात्यांना, मान्यताप्राप्त संस्थांना मिळतो. हे योग्यच आहे. खणलेली जागा पुन्हा न खणल्यासारखी करता येत नाही. पण या शिस्तीच्या सोबतीनं एक सवयही आली: उत्खनन म्हणजे तज्ज्ञांचं, त्यांच्या विद्यार्थ्यांचं आणि गावातल्या मजुरांचं काम, बाकीच्यांनी नंतर संग्रहालयात यावं आणि काचेपलीकडून बघावं. ही सवय मोडावी असं मला मनापासून वाटतं, आणि ती मोडायला बडोद्याइतकं योग्य गाव दुसरं नाही.

महाराजा सयाजीराव विद्यापीठ 1949 साली स्थापन झालं आणि पाठोपाठ 1950 मध्ये त्याचा पुरातत्त्व विभाग सुरू झाला. बेंदापुडी सुब्बाराव आणि रमणलाल मेहता यांनी तो उभा केला. सुब्बाराव पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून, हसमुख सांकलियांच्या तालमीतून आलेले. देवनी मोरीचा स्तूप, चांपानेर, नागेश्वर, नागवाडा, बगसरा ही सगळी या विभागाची कामं. मी शिकत होते तेव्हा बगसऱ्याचं उत्खनन चालू होतं. 1996 ते 2005 या काळात कुलदीप भान, विश्वास सोनवणे आणि पी. अजितप्रसाद यांच्या देखरेखीखाली ते झालं.

बगसरा कच्छच्या आखाताच्या कडेला, मालिया तालुक्यात आहे. तिथले लोक त्या टेकाडाला गोला धोरो म्हणतात. जेमतेम दोन हेक्टरांचं टेकाड. हडप्पा संस्कृतीच्या नावानं डोळ्यांपुढं मोहेंजोदडो येतं, त्या मानानं हे अगदी छोटं खेडं वाटावं. पण त्याला भक्कम तट होता आणि त्या तटाच्या आत कारागिरांचे कारखाने होते. शंखांचे ढीग, अर्धवट कापलेले शंख, बांगड्या, काचमण्यांसारखी चकाकी दिलेल्या वस्तू, अकीक आणि तत्सम दगडांचे न घडवलेले गोटे. एकशिंगी प्राण्याची एक मुद्रा तिथं सापडली, तिच्या पाठीला खोबण कोरलेली आहे, जणू आत काही ठेवायची छोटी डबी. हडप्पाकालीन मुद्रांमध्ये असा प्रकार फार दुर्मीळ आहे.

मुद्रेचा फोटो सगळीकडे छापून येतो. माझ्या मनात राहिली ती मात्र बांगडी. शंखाची, बोटाएवढ्या लांबीचा तुटका तुकडा. शंख आडवा कापून एकेक कडी काढतात, तेव्हा प्रत्येक कडीत एका ठिकाणी शंखाच्या वेटोळ्याचा सांधा येतो आणि तिथं गोलाई किंचित बिघडते. हडप्पाच्या कारागिरांनी नेमक्या त्या जागी दोन-तीन तिरक्या रेघांचं, बाणाच्या टोकासारखं नक्षीकाम कोरलं. निसर्गानं ठेवलेलं व्यंग दागिन्याचं वैशिष्ट्य झालं. सिंधच्या शहरांपासून सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत हीच खूण, याच जागी. तो तुकडा तळहातावर घेऊन अंगठ्यानं त्या रेघा चाचपल्या की साडेचार हजार वर्षांपूर्वीचा कुणी माणूस आपल्यासमोर काम करत बसल्यासारखा वाटतो. हे पाठ्यपुस्तकातून कळत नाही, असं मी म्हणते तेव्हा मला हेच म्हणायचं असतं.

आणि शिकवलं कुणी? प्राध्यापकांनी शिकवलंच. स्तर कसा ओळखायचा, दोन चौकोनी खड्ड्यांच्या मध्ये मातीचा बांध का राखायचा, वस्तू सापडली की ती उचलायच्या आधी तिची खोली आणि जागा का नोंदवायची. ही शिस्त मॉर्टिमर व्हीलर यांनी 1944 साली तक्षशिलेच्या प्रशिक्षण शिबिरात भारतातल्या विद्यार्थ्यांच्या एका अख्ख्या पिढीला घालून दिली, आणि ती आमच्यापर्यंत आली. पण हाताची शिकवण मला दिली गावातल्या एका म्हाताऱ्या मजुरानं. आम्ही त्यांना बापा म्हणायचो. कुदळ हलक्या हातानं आपटून आवाजावरून ते सांगायचे की खाली भिंत आहे की भराव. सकाळच्या तिरप्या उन्हात जमिनीवर पाण्याचा हलका शिडकावा मारायचे, खुरपीनं एक पातळ पापुद्रा काढायचे आणि म्हणायचे, "जो बेन, हवे जो." आणि खरंच, एकसारख्या तपकिरी मातीत विटांच्या रांगा उमटायच्या. आम्ही घाई केली की त्यांचं एकच वाक्य: "धीमे, बेन, धीमे." गावच्या बायका घमेली डोक्यावर घेऊन चाळणीपर्यंत जायच्या आणि चाळणीत राहिलेला मणी आमच्याआधी त्यांना दिसायचा. अहवालांच्या शेवटी मजुरांचे आभार एका ओळीत मानतात. मला ती ओळ फार अपुरी वाटते.



मातीतून असं शिकायला बडोद्याच्या लोकांना कच्छच्या आखातापर्यंत जाण्याचीही गरज नाही, कारण आपण स्वतः एका टेकाडावर राहतो. विश्वामित्रीच्या पश्चिमेला अकोटा आहे, त्याचं जुनं नाव अंकोट्टक. राष्ट्रकूट राजा कर्क सुवर्णवर्ष याच्या इसवी सन 812 च्या ताम्रपटात वडपद्रक नावाचं खेडं दान दिल्याचा उल्लेख आहे आणि ते खेडं अंकोट्टकाच्या चौऱ्याऐंशी गावांपैकी एक म्हणून येतं. म्हणजे बडोदं तेव्हा अकोट्याच्या हद्दीतलं खेडं होतं! नव्या विभागानं पहिला हात घातला तो याच मातीत. सुब्बारावांनी बडोद्याच्या परिसरात शोध घेतला आणि त्याचा अहवाल 1953 साली पुस्तकरूपानं आला. 1951 मध्ये अकोट्यात जैन कांस्यमूर्तींचा मोठा साठा मिळाला, उमाकांत शहा यांनी त्यांचा अभ्यास करून 1959 मध्ये ग्रंथ लिहिला. त्या मूर्ती आज सयाजीबागेतल्या संग्रहालयात आहेत. पश्चिम भारताच्या शिल्पकलेचा इतिहास त्यांच्याशिवाय लिहिता येत नाही. त्यातली चामरधारिणी एकदा तरी जाऊन पाहा, घाई न करता.

आता अकोट्यात पुलापासून स्टेडियमपर्यंत फिरून या. अपार्टमेंट, दुकानं, तळघरातलं पार्किंग. प्रत्येक तळघर खणताना किती शतकं डंपरमधून वाहून गेली, याची नोंद कुणी ठेवली नाही. जिथं विद्यापीठाचा पुरातत्त्व विभाग पाऊण शतक काम करतो आहे त्या शहरात हे घडलं, याचं मला खरोखर दुःख आहे. हा विभागाचा दोष नाही. दहा-बारा अध्यापक आणि त्यांचे विद्यार्थी अख्ख्या शहराच्या पायाखोदाईवर नजर ठेवू शकत नाहीत. ते काम शहरानं करायचं असतं, आणि शहराला ते शिकवलेलंच नाही.

बाहेर हे कसं जमलं ते पाहू. इंग्लंडच्या उत्तरेला, हेड्रियनच्या भिंतीजवळ विंडोलांडा हा रोमन किल्ला आहे. तिथं अनेक वर्षं हौशी स्वयंसेवक तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, स्वतःचे पैसे भरून उन्हाळाभर खणतात. शिक्षक, नर्स, निवृत्त लोक, विद्यार्थी. 1963 साली इस्रायलमध्ये मसादाच्या उत्खननासाठी यिगाएल यादीन यांनी वर्तमानपत्रांतून हाक दिली आणि अनेक देशांतून हजारो माणसं आली. आपल्या मुंबईचं उदाहरण मला यांहून जवळचं वाटतं. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण केंद्रानं नोकरदारांसाठी पुरातत्त्वाचे अभ्यासक्रम चालवले, आणि गेल्या दशकात त्यातल्या विद्यार्थ्यांनी, गृहिणींनी, नोकरीवाल्यांनी साष्टी बेट पायी पालथं घातलं. मालाड-बोरिवलीच्या गर्दीत देवळांचे जुने दगड, वीरगळ आणि गधेगाळ यांसारखे कोरीव दगड त्यांनी नोंदवले. कुणी कुदळ उचलली नाही, कायद्याला धक्का लागला नाही. रविवारी सकाळी पायात बूट घालून माणसं निघाली, एवढंच.

बडोद्यात हे का होऊ नये? या संस्थानाची परंपराच तशी आहे. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग 1893 मध्ये अमरेलीत केला आणि पुढं तो सगळ्या राज्यात नेला. फिरती ग्रंथालयं खेड्यापाड्यांत पोचवली. त्याच राज्यात पुढं 1930 च्या दशकात पुरातत्त्व खातं उघडलं गेलं, हिरानंद शास्त्री त्याचे प्रमुख झाले आणि त्यांनी त्याच अमरेलीत उत्खनन केलं. (हिंदीतले थोर लेखक अज्ञेय हे याच शास्त्रीजींचे चिरंजीव. त्यांचा जन्म कुशीनगरजवळ वडिलांच्या उत्खननाच्या छावणीतच झाला होता.) ज्ञान वाड्यात कोंडून ठेवायचं नाही ही बडोद्याची जुनी रीत आहे. पुरातत्त्वालाही ती लागू व्हावी, इतकंच माझं मागणं आहे.

काय करता येईल ते अगदी साधं आहे. उन्हाळ्यात विद्यापीठात खापरं धुण्याची, नोंदवण्याची, चित्रं काढण्याची कामं असतातच. त्यासाठी अकरावी-बारावीच्या आणि कॉलेजच्या मुलांना, शिवाय निवृत्त मंडळींनाही, देखरेखीखाली घ्यावं. पावसाळ्यानंतर अकोटा, कारेलीबाग, विश्वामित्रीचे काठ यांची पायी पाहणी करण्यासाठी शाळांचे गट करावेत. हंगामात उत्खनन चालू असेल तेव्हा आठवडाभर तरी बाहेरच्या चार-दोन मुलांना तिथं राहू द्यावं, त्यांनी फक्त चाळणीवर बसलं तरी चालेल. महापालिकेनं जुन्या वस्तीत तळघराला परवानगी देताना खोदाईची आगाऊ सूचना विभागाला देण्याची अट घालावी. त्या वेळी तिथं उभं राहायला हीच शिकलेली मुलं उपयोगी पडतील.

शेजारच्या मुलीला मी एवढंच सांगितलं: निकाल लागला की विभागात जा, अध्यापकांना भेट, खापरं धुवायला हात लागतील का ते विचार. आणि खंबातला जाऊन ये. तिथले कारागीर आजही अकीक आगीत भाजून त्याचा रंग लाल करतात, त्याला घडवतात, भोक पाडतात. बगसऱ्याचा कारागीर काय करत होता ते कळायला त्यांच्याजवळ तासभर बसणं हा चांगला अभ्यास आहे. भान आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी हडप्पाकालीन मण्यांचं तंत्र समजून घेण्यासाठी याच कारागिरांच्या कामाचा अभ्यास केला होता.

वाचकांकडे माझी एक विनंती आहे. तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या घराच्या पायाचं काम चालू असेल आणि मातीत जाड मोठ्या विटा, रंगीत खापरं, हाडं, नाणी, मूर्तीचा तुकडा असं काही दिसलं, तर ते घरी नेऊ नका, धुऊन देव्हाऱ्यात ठेवू नका. आहे त्या जागी फोटो काढा, जागा आणि खोली लिहून ठेवा, ठेकेदाराला काम थोडा वेळ थांबवायला सांगा आणि त्याच दिवशी विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला कळवा.