उपकेंद्रातली बैठक आणि पारावरचे गडी



खत, बियाणे आणि फवारणी सोडून या सदरात मी सहसा दुसऱ्या वाटेला जात नाही. डॉक्टरकी डॉक्टरांनी करावी. पण गेल्या वर्षीच्या खरिपात एक गोष्ट डोळ्यांदेखत घडली, ती तुमच्या कानावर घालायलाच हवी.

आमच्या तालुक्यातल्या एका गावी कपाशीत कामगंध सापळे लावून दाखवायला गेलो होतो. रात्री पाऊस झालेला, रानात वाफसा नाही. सकाळचे अकरा वाजले असतील. उपकेंद्राच्या ओट्यावर सतरंजी टाकून नऊ-दहा बायका बसल्या होत्या. तिथल्या आरोग्य अधिकारी ताई आयुर्वेदाच्या पदवीधर. त्या सावकाश श्वास घ्यायला नि सोडायला शिकवत होत्या. आशाताई एकेकीचा रक्तदाब मोजून कार्डावर लिहीत होत्या. समोरच पिंपळाचा पार, आणि पारावर सात गडी तंबाखू मळत बसलेले. रान ओले, काम बंद, मध्ये फक्त रस्ता. मी म्हटले, "चला की मंडळी, तुमचाही दाब मोजून घेऊ." एकजण हसून म्हणाला, "साहेब, ती बायकांची बैठक हाय. आमचं काय काम तिथं?"

खरे म्हणजे त्याचाही सगळा दोष नाही. वर्षानुवर्षे उपकेंद्र म्हणजे बाळंतपण आणि पोरांची लस, असेच आपण पाहत आलो. पण 2018 पासून आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांचे काम वाढवले गेले, आणि 2023 मध्ये त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव मिळाले. तीस वर्षांपुढच्या बाईचा नि गड्याचा, दोघांचाही रक्तदाब आणि साखर तिथे तपासतात. तोंड उघडून आत चट्टा किंवा न भरणारी जखम आहे का तेही पाहतात. तंबाखू मळणाऱ्या नि मिश्री लावणाऱ्या घरांनी हे मनावर घ्यावे. योगाचे वर्ग, आहाराच्या गप्पा, आजार जडलेल्यांचा गट हेही त्याच ओट्यावर चालते. पाटी बदलली, गड्यांची समजूत मात्र पारावरच राहिली.

त्या सातांतला एक गडी, वय अठ्ठेचाळीस, माझ्या चांगल्या ओळखीचा. त्याची कारभारीण बैठकीला नेमाने येई. तिनेच मागे लागून आशाताईंना घरी नेले, तेव्हा त्याचा दाब 176 वर 108 निघाला. साधारण 140 वर 90 आणि त्यापुढे वारंवार आला, की तो वाढलेला समजतात. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली. दोन महिने घेतली, बरे वाटले, सोडून दिली. मला म्हणाला, "साहेब, मला काय झालंय? दोन पोती एका दमात उचलतो मी." आणि कंबर दुखते म्हणून बाजारातून वाताच्या पुड्या आणून खाऊ लागला.

ही पुडी मोठी घातकी. बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड नाहीतर वेदनाशामक औषध मिसळलेले अनेकदा सापडते. दुखणे पळते, पण आत दाब चढतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. खाणारा मात्र म्हणतो, आयुर्वेदिक आहे, त्याने काय व्हायचे? त्या ताई स्वतः आयुर्वेद शिकलेल्या. त्यांनीच बैठकीत बजावले होते की दाबाची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, आणि वैद्याचे औषध चालू असेल तर ते डॉक्टरला नि डॉक्टरचे असेल तर ते वैद्याला सांगायचे. प्राणायामाने मन निवते, चालण्याने दाब थोडा उतरतो, मीठ कमी केल्याने आणखी उतरतो. पण ही सगळी गोळीच्या जोडीची कामे झाली. हे ऐकायला ज्याने बसायला हवे होते, तो रस्त्यापलीकडे होता.

तीन आठवड्यांनी बांधावर बसल्या बसल्या तो कलंडला. तोंड वाकडे, डावा हात लुळा, बोलणे अडखळत. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी देवऋषाचे नाव काढले. कारभारणीने बैठकीत ही लक्षणे ऐकली होती. तिने कोणाचे ऐकले नाही, पोराला 108 वर फोन लावायला सांगितला. झटका रक्ताच्या गाठीचा असेल, तर गाठ विरघळवायचे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच उपयोगी पडते, आणि त्याआधी मेंदूचे चित्र काढावे लागते. म्हणून थेट मोठे रुग्णालय गाठायचे. माणूस वाचला. डावी मूठ मात्र अजून धड वळत नाही. पाठीवर पंप घेऊन एका हाताने दट्ट्या मारायचा नि दुसऱ्याने नळी फिरवायची, हे त्याला आता जमत नाही.

यानंतर ताई, सरपंच आणि आम्ही दोघे-तिघे बसलो. विचार एकच, गडी बैठकीला येत नाहीत तर बैठक गड्यांकडे कशी न्यायची? मला जामखेडची आठवण झाली. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने तिथे ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. नुसता दवाखाना थाटून ते थांबले नाहीत. गावच्या बायकांनाच आरोग्य सेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. आणि गड्यांना एकत्र आणायला काय केले असेल? व्हॉलीबॉल! खेळाच्या निमित्ताने निरनिराळ्या जातींची तरुण मंडळी एका मैदानावर आली, त्यातून शेतकरी मंडळे उभी राहिली. पाणी आणि शेती हे विषय आधी निघाले, आरोग्य त्यांच्या मागून आले. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो याच कामासाठी.

आमच्या गावात व्हॉलीबॉल नव्हता, पण दूध डेअरी होती. संध्याकाळी सात वाजता एकूण एक गडी किटली घेऊन तिथे येतोच. ठरले, दर गुरुवारी मोजायचे यंत्र डेअरीवर न्यायचे. दूध घालायचे, फॅट बघायची, आणि आपलाही आकडा बघायचा. पहिल्या गुरुवारी चौघांनी हात पुढे केला, तेही एकमेकांची थट्टा करत. दिवाळीपर्यंत चाळीसजण झाले. त्यांतल्या अकराजणांचा दाब वाढलेला निघाला आणि त्यांतल्या एकालाही काही त्रास जाणवत नव्हता.

मिठावर मात्र जोरात वाद झाला. "आम्ही घाम गाळतो, आम्हाला मीठ पाहिजे," हे प्रत्येकाचे म्हणणे. ताईंनी चहाचा चमचा दाखवला. माणशी दिवसाला सपाट एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत, तेही भाजी, भाकरी, ठेचा, लोणचे, पापड सगळे धरून. उन्हात काम करणाऱ्याने पाणी भरपूर प्यावे, खारट वाढवू नये. हे अजून सगळ्यांना पटलेले नाही. माझ्या घरीही लोणच्याची बरणी ताटाजवळून हललेली नाही, हे कबूल करतो.

मलाही तिथे पंधरा मिनिटे देतात. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसे दगावली, ते आपण विसरू नये. वाऱ्याच्या उलट फवारू नका, मनाने दोन-तीन औषधे एकत्र करू नका, तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नका, एवढे तरी मी दर वेळी सांगतो. घाम सुटला, बुबुळ बारीक झाले, लाळ गळू लागली तर औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठायचा.

तुमच्या गावचे उपकेंद्र केव्हा उघडे असते, बैठक कोणत्या वारी भरते, हे आशाताईंना विचारा. वेळ सोयीची नसेल तर ती बदलून मागा. जन आरोग्य समितीत सरपंच आणि गावची माणसे असतात, त्यांच्यापुढे विषय काढा. डेअरी नसेल तर सोसायटी, देऊळ, गिरणी, गडी जिथे आपसूक जमतात ती जागा सुचवा. आणि घरातल्या बाईने एकदा हाताला धरून नेले, तर लाजू नका.

तो गडीही आता दर गुरुवारी येतो. किटली पोराच्या हातात असते. बाकावर बसून उजवा हात पुढे करतो आणि आकडा ऐकल्याशिवाय उठत नाही. मागच्या खेपेला 134 वर 84 होता.

पुढल्या आठवड्यात हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेविषयी बोलू.