पिकअपचा मोठा टायर घासतोय? आधी माप घ्या, कात्री नंतर

पिकअपच्या रील्सचा सध्या एक ठरलेला साचा आहे. जुने टायर काढले, जाडजूड टायर चढवले, स्लो मोशन, मागे गाणं. रील संपल्यावर पहिल्याच वळणावर मडगार्डच्या आतून जो 'खर्रर्र' आवाज येतो, तो मात्र कुणी अपलोड करत नाही.

नायगावात हा आवाज जरा लवकर ऐकू येतो. बीडीडी चाळींच्या गल्ल्या, पुनर्विकासाचे पत्रे, दोन्ही बाजूंना लावलेल्या बाइक. इथे पिकअप वळवायची म्हणजे स्टिअरिंग शेवटपर्यंत कापावं लागतं. त्यात गणपतीच्या आधी मंडपाचे बांबू आणि पाइप भरलेले असतील, तर गाडी पाट्यांवर चांगलीच बसलेली असते. म्हणजे टायर घासायला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी एकाच फेरीत.

गणित सोपं आहे. बोलेरोसारख्या गाड्यांवर दिसणारं २१५/७५ आर१५ हे माप घ्या. २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ७५ म्हणजे त्या रुंदीच्या ७५ टक्के इतकी साइडवॉलची उंची, १५ म्हणजे रिमचे इंच. हिशोब केला की टायरचा व्यास ७०३.५ मिमी येतो. आता टायरवाला म्हणतो, "२३५/७५ टाका, काही होत नाही." त्याचा व्यास ७३३.५ मिमी. म्हणजे टायर मडगार्डकडे १५ मिमी वर सरकला, तितकाच पुढे-मागेही वाढला आणि आतल्या-बाहेरच्या बाजूला १०-१० मिमी पसरला. ऐकायला किरकोळ वाटतं. पण मडगार्डच्या आतल्या प्लास्टिक लायनरपासून टायरचं अंतर काही ठिकाणी मुळातच बोटभर असतं.

म्हणून उपाय शोधण्याआधी कुठे घासतंय ते बघा. लायनरच्या आतून आणि मडफ्लॅपवर खडू फासा, रिकाम्या जागेत स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण कापून गाडी हळूहळू पुढे-मागे घ्या. जिथला खडू पुसला गेला, ती जागा. मित्राला लांबून फोनवर स्लो मोशन व्हिडिओ घ्यायला सांगा. चाकाजवळ हात किंवा फोन नको. मग नेहमीइतका माल भरून हेच पुन्हा करा. रिकाम्या गाडीवर केलेली टेस्ट म्हणजे एकही युजर नसताना अ‍ॅप तपासण्यासारखं आहे, सगळं पास होतं.

फक्त वळताना मडफ्लॅप किंवा लायनरची कड लागत असेल, तर प्रकरण हलकं आहे. मडफ्लॅप थोडा मागे घेता येतो, लायनर नीट आवळून बसवता येतो, काही गाड्यांमध्ये स्टिअरिंगचा स्टॉप किंचित कमी करता येतो. पण मग वळायला जागा जास्त लागणार, आणि गल्लीत नेमकी तीच नसते. टायर आतल्या बाजूला पाट्याला किंवा सस्पेन्शनच्या आर्मला लागत असेल, तर लोक स्पेसर टाकून चाक बाहेर काढतात. आत घासणं थांबतं, पण बाहेर काढलेलं चाक वळताना मोठा घेर घेतं आणि मडगार्डच्या मागच्या कोपऱ्याला लागतं. एक बग सोडवला, दुसरा उघडला. वर बेअरिंगवरचा ताण वाढला तो वेगळाच.

रील्सचा लाडका उपाय म्हणजे लिफ्ट किट. लिफ्टने चाकाच्या वरची जागा वाढते, त्यामुळे खड्ड्यात घासणं कमी होतं. स्टिअरिंग कापल्यावर मागच्या कोपऱ्याला लागणारा टायर मात्र बऱ्याचदा लागतच राहतो. आणि माल भरलेली पिकअप आणखी उंच केली की वळणावर ती जास्त झुकते. काही जण थेट ग्राइंडर घेऊन चासीजवळचा पत्रा कापतात. माझं मत स्पष्ट आहे: प्लास्टिकची कड कापणं वेगळं, पत्रा कापणं वेगळं. लायनरच्या मागून ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर जाऊ शकते. आणि घासणारा टायर फक्त आवाज करत नाही, त्याची साइडवॉल कापली जाते.

आता कायदा. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळमधल्या एका प्रकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला: कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीतला तपशील जुळेनासा होईल, असा बदल मालकाला करता येत नाही. खासगी गाडीवाले म्हणतात, टायर आरसीत कुठे असतो? पण मालवाहू गाडीच्या नोंदणीच्या नमुन्यात टायरची संख्या आणि माप यांचे रकाने आहेत. म्हणजे पिकअपवाल्याची बाजू इथे जास्त कच्ची. परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम १८२-अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

हे नुसतं कागदावर नाही. मे २०२२ मध्ये श्रीनगरच्या ट्रॅफिक कोर्टाने एका थारमालकाला सहा महिन्यांची शिक्षा सुनावली. बदलांमध्ये हार्डटॉप, एलईडी दिवे, सायरन आणि मोठे टायर होते. आधीचा गुन्हा नसल्याने बाँडवर त्याची तुरुंगवारी टळली, पण गाडी मूळ रूपात आणण्याचा आदेश झाला. रील बनवणाऱ्याची गाडी हौसेची असते, ती चार दिवस उभी राहिली तर चालतं. पिकअप पासिंगला अडकली तर त्या दिवसापासून भाडं बंद. अपघात झाला तर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते, ते वेगळं.

"मोठा टायर म्हणजे जास्त माल" हाही गैरसमज आहे. टायर किती वजन पेलतो ते त्यावरच्या लोड इंडेक्सवरून कळतं: १०० म्हणजे ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५ किलो. टायर कितीही तगडा असला तरी गाडीचं पास झालेलं एकूण वजन तेवढंच राहतं.

वेगाचंही तसंच. वरच्या उदाहरणात टायरचा घेर सव्वाचार टक्के वाढला, त्यामुळे मीटरला कळतं त्यापेक्षा गाडी तितकीच जास्त पळते. ८० च्या जागी ८३. कंपनीचा मीटर मुळात थोडा जास्त वेग दाखवतो, म्हणून यातला काही फरक झाकला जातो, पण मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरचे कॅमेरे तुमचा मीटर बघत नाहीत. हायवेच्या मोकळ्या सरळ पट्ट्यावर बाजूला बसलेल्याला जीपीएस स्पीड अ‍ॅप उघडायला सांगा आणि दोन्ही आकडे ताडून बघा. उंच टॉवरांच्या मध्ये जीपीएस उड्या मारतं, तिथला आकडा धरू नका.

टायर आधीच चढवले असतील, तर ड्रायव्हरच्या दारावरचा स्टिकर किंवा मॅन्युअल उघडा. तिथे एकापेक्षा जास्त मापं दिली असतील, तर त्यातलं मोठं माप बिनधास्त टाका; कंपनीने ते माप त्या गाडीसाठी धरलेलंच असतं. तुमचं माप त्यात नसेल, तर टायरवाल्याकडे जाऊन बदलून मागा, आणि ते टायर फार झिजण्याआधी मागा. ट्रेड नवा असेपर्यंतच त्याला चांगला भाव येतो.