हिरवी खूण म्हणजे उत्तर नव्हे



गेल्या वर्षी सबमिशनच्या आठवड्यात शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी लॅपटॉप घेऊन धावत आला. "सर, कन्व्हर्ज झालं एकदाचं!" पडद्यावर स्टीलच्या ब्रॅकेटचं निळं-लाल चित्र आणि बाजूला हिरवी खूण. मी शाबासकी दिली, पूर्ण गुणही दिले. नंतर सहज विचारलं, "दोन दिवस अडत होतं ना रे? मग काय केलंस?" तो म्हणाला, "टॉलरन्स वाढवत गेलो सर. शेवटी चाललं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. नॉनलिनिअर ॲनालिसिसमध्ये बाहेरून लावलेला भार आणि वस्तूचा आतला प्रतिकार यांचा मेळ बसावा लागतो. किती फरक शिल्लक राहिला तरी चालेल, ती मर्यादा म्हणजे टॉलरन्स. ती वाढवत नेणं म्हणजे हिशेबात तूट येतेय म्हणून "हजार रुपये इकडेतिकडे चालतील" असं ठरवून वही बंद करणं. पण मुलाला काय बोलणार? चित्राला गुण देणारा मीच होतो.

माझं मत स्पष्ट आहे. आपण मुलांना सॉफ्टवेअरची बटणं शिकवतो, ती कधी आणि का दाबायची हे शिकवत नाही.

एक साधं उदाहरण घेऊ. २५ मिलीमीटर रुंद आणि अर्धा मिलीमीटर जाड स्टीलची पट्टी टेबलाच्या कडेला घट्ट धरा. २५० मिलीमीटर भाग बाहेर राहू द्या आणि टोकाला साधारण ३०० ग्रॅम वजन, म्हणजे ३ न्यूटन भार लावा. पुस्तकातलं नेहमीचं सूत्र सांगतं की टोक ३०० मिलीमीटर खाली जाईल. पट्टीच २५० मिलीमीटरची, मग टोक ३०० खाली जाईल कसं? लिनिअर ॲनालिसिसला याचं काही वाटत नाही. त्याच्या हिशेबात टोक सरळ खाली जातं आणि पट्टी ताणून जवळपास ३९० मिलीमीटर होते! खरी पट्टी वळते, टोक आत सरकतं आणि साधारण १६० मिलीमीटरच खाली येतं.

बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये मोठं वाकणं हिशेबात घेणारा 'लार्ज डिफ्लेक्शन'चा पर्याय मुळात बंद असतो. तो चालू करायला एक क्लिक पुरते. पण तो चालू करायला हवा, हे पट्टी हातात धरलेल्या मुलालाच सुचतं.

नॉनलिनिअरपणा मुख्यतः तीन कारणांनी येतो. आकार खूप बदलतो, धातू यील्ड होऊन परत सरळ होत नाही, किंवा दोन भाग एकमेकांना टेकतात आणि सुटतात. माझ्या वर्गात आता क्रम ठरलेला आहे. आधी लिनिअर ॲनालिसिस, आणि त्याचा पडताळा कागदावर. मग तिन्हीपैकी एकच कारण चालू करायचं, ते नीट चाललं की दुसरं. भार एकदम न लावता टप्प्याटप्प्याने लावायचा. प्रत्येक टप्प्याला सॉफ्टवेअर अंदाज करतं, चूक मोजतं, अंदाज सुधारतं. टप्पा मोठा असेल तर ते वाट चुकतं.

आणि ॲनालिसिस अडलं तर? टॉलरन्सला हात नाही लावायचा. आधी बघायचं की कुठल्या टप्प्यावर अडलं. पहिल्याच टप्प्यावर अडलं तर बहुतेक वेळा एखादा भाग नीट बांधलेलाच नसतो, हवेत मोकळा असतो. मध्येच अडलं तर टप्पे लहान करून बघायचे, मेश कुठे चुरगळली ते शोधायचं. आणि कधीकधी अडण्याचा अर्थ एवढाच असतो की ही वस्तू एवढा भार पेलूच शकत नाही. तेव्हा ते अडणं हेच उत्तर!

हे नुसतं गुणांपुरतं नाही. अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरातल्या क्रीडागृहाचं प्रचंड छप्पर १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या भाराखाली कोसळलं. काही तासांपूर्वीच तिथे सुमारे ५००० प्रेक्षक बास्केटबॉलचा सामना बघत होते. या छपराचं डिझाईन कॉम्प्युटरच्या मदतीने झालं होतं. दाबाखालच्या दांड्यांना मधून जेवढा आधार गृहीत धरला होता, तेवढा प्रत्यक्षात नव्हता. अशी दांडी बाजूला वाकू लागली की 'दुप्पट भार, दुप्पट वाक' हा लिनिअर नियम संपतो. सगळ्यात वाईट गोष्ट पुढेच आहे. बांधकाम चालू असतानाच छप्पर गणितापेक्षा सुमारे दुप्पट झुकलेलं मोजलं गेलं होतं, इंजिनिअरांना कळवलंही होतं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. पडद्यावरच्या आकड्यावर विश्वास, डोळ्यांसमोरच्या छपरावर नाही!

म्हणून शिक्षक मित्रांना विनंती आहे. प्रोजेक्टच्या वहीत 'कुठे अडलं, का अडलं, काय बदललं' असं एक पान सक्तीचं करा आणि त्याला रंगीत चित्रापेक्षा जास्त गुण द्या. व्हायवात विचारा, "हे उत्तर चुकीचं असतं तर तुला कसं कळलं असतं?"

पालकहो, सॉफ्टवेअरच्या कोर्सची फी भरण्याआधी तिथे एकच चौकशी करा. कागदावर पडताळा करायला शिकवतात का? नुसतं 'सर्टिफिकेट मिळेल' असं उत्तर आलं तर थोडं थांबा.

त्या मुलाला मी परत बोलावलं. आम्ही दोघांनी बसून शोधलं तेव्हा कळलं, ब्रॅकेटचा एक बोल्ट कशालाच जोडलेला नव्हता. सॉफ्टवेअर दोन दिवस तेच ओरडून सांगत होतं आणि आम्ही त्याचं तोंड बंद केलं होतं.